मन म्हणतं घे, वही म्हणते थांब

भाचीचा फोन आला. "मावशी, फ्लॅट पाहताक्षणी आवडलाय, पण हिशेब जुळत नाहीये. मनाचं ऐकू की डोक्याचं?"

आधी एक गुंता सोडवू. आवडणं ही भावना; बाल्कनीत संध्याकाळचं ऊन आलं की कुणालाही भुरळ पडते. अंतःप्रेरणा वेगळी, ती मुरलेल्या अनुभवातून येते. म्हणून खरी तुलना अंतःप्रेरणा आणि विचार यांची.

वेग: अंतःप्रेरणा क्षणात कौल देते, विचाराला वही लागते.

भरवसा: खरी मेख इथे आहे. आई भाकरीच्या पिठात पाणी मोजत नाही. बोटांना पीठ कोरडं लागलं की आणखी एक शिंतोडा. चुकलं तर भाकरी तिथेच चिरते, म्हणून हात शिकला. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये हेच मांडलं: परिस्थितीत नियमितपणा हवा आणि चूक कळून शिकायला भरपूर संधी हवी, तरच अंतःप्रेरणा विश्वासाची. भाचीने आजवर किती फ्लॅट घेतलेत? शून्य.

विचाराचीही खोट आहेच. अमेरिकेचे मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७७२ च्या एका पत्रात बाजूचे आणि विरोधातले मुद्दे असे दोन रकाने आखून, समोरासमोरचे समान वजनाचे मुद्दे खोडायला सुचवलं होतं. पण वजन ठरवणार कोण? आपणच की!

तेव्हा रोज हाताखालून जाणाऱ्या कामात अंतःप्रेरणा चालेल. वीस वर्षांच्या कर्जाला वहीच हवी. आणि हिशेबात दोन घरं सारखीच निघाली, तर उन्हाचं घे बाई.