फँ ब्वातली १९७३ ची कॉन्यॅक: रंगाने फिकी, चवीने मुरलेली

जुनी कॉन्यॅक, म्हणजे फ्रान्सच्या कॉन्यॅक भागातली द्राक्षांची ब्रँडी, म्हटली की ती गडद तपकिरी आणि गोडसर असणार, असे आपण धरूनच चालतो. प्रत्यक्षात तो रंग आणि ती गोडी पुष्कळदा पिंपातून आलेली नसते, तर नियमांनीच मुभा दिलेल्या कॅरमेलची आणि साखरेची असते. त्याच भागातल्या जार्नाक गावच्या एका छोट्या दुकानातून घेतलेल्या, १९७३ च्या द्राक्षांच्या या बाटलीत त्यांपैकी काहीही घातलेले नाही. पाणीसुद्धा नाही. भट्टीतून ७० टक्क्यांच्या आसपास निघालेला अर्क ओकच्या पिंपात वर्षानुवर्षे उडत उडत आपोआप ५१ टक्क्यांवर उतरला आहे. शिवाय द्राक्षे कॉन्यॅक भागातल्या ग्रांद शांपान्य पट्ट्याच्या नामांकित चुनखडीच्या जमिनीतली नाहीत, फँ ब्वा या दुसऱ्या पट्ट्यातली आहेत, आणि तिथली कॉन्यॅक लवकर तयार होते, पण दीर्घकाळ मुरण्याच्या कामाची नसते, असा सर्वसाधारण समज आहे.

बूच काढतानाच मोडले आणि भुगा आत पडला, त्यामुळे सगळी बाटली गाळून घ्यावी लागली. एवढी किंमत मोजल्यावर हे खटकतेच.

ग्लासात ओतल्यावर पहिली दहा मिनिटे नाकाला फक्त झोंबते. मग फणसपोळी, सुके अंजीर, आणि अर्ध्या तासाने तो वास, ज्याला फ्रेंच लोक रान्सियो म्हणतात: जुनी अक्रोडाची गिरी, आळंबी, आणि कढवून बरेच महिने झालेले तूप. हा वास घाईने येत नाही आणि बाहेरून घालताही येत नाही. जिभेवर गोडी जवळजवळ नाहीच. आधी आमसुलाची आंबट धार, आणि शेवटी कात जास्त पडलेल्या विड्यासारखा तुरटपणा, जो माझ्या मते गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळतो. ही कॉन्यॅक काही वर्षे आधीच पिंपातून काढून काचेच्या मोठ्या बुधल्यांत भरली असती, तर लाकडाचा हा अंमल तिथेच थांबला असता. चार थेंब पाणी घातल्यावर तुरटपणा बराच निवळतो आणि अंजीर पुढे येते.

याहून कमी किमतीत मोठ्या घराण्याची एक्सओ, म्हणजे ‘एक्स्ट्रा ओल्ड’ दर्जाची कॉन्यॅक, मिळते, जिच्यातली सर्वांत कोवळी ब्रँडीही किमान १० वर्षांची असावी लागते, आणि पाहुण्यांसमोर मी तीच ठेवीन. स्वतःसाठी मात्र पुन्हा हीच घेईन.