हँडल पूर्ण वळवायचं की पुढचं चाक उचलायचं? ट्रायल्सचं वळण आधी कोणतं शिकावं

ट्रायल्स म्हणजे दगडधोंड्यांच्या अडथळ्यांतून पाय न टेकता मोटारसायकल काढायचा खेळ. त्यात एकदा पाय टेकला की एक गुण दंड आणि सेक्शन, म्हणजे आखून दिलेला अडथळ्यांचा टप्पा, अर्धवट सुटला की पाच. म्हणून दोन दगडांमधल्या चिंचोळ्या जागेत गाडी वळवता येणं हाच या खेळाचा पाया. पुण्यात हे शिकू पाहणाऱ्यांसमोर दोन वाटा असतात. एकीत हँडल शेवटपर्यंत वळवून, हाफ क्लचवर, चालण्याहूनही कमी वेगात गाडी फिरवायची. दुसरीत ब्रेक धरून जागेवर तोल सांभाळायचा, पुढचं चाक उचलायचं आणि बाजूला ठेवायचं. व्हिडिओत दुसरीच भुरळ घालते. तरी सुरुवात पहिलीपासून करावी, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या पद्धतीत सगळं उभ्यानं होतं. गाडी वळणाच्या आत कलवायची, अंग मात्र बाहेर काढायचं आणि वजन बाहेरच्या फूटरेस्टवर टाकायचं. बाहेरचा हात पूर्ण ताणला जातो. तो पुरत नसेल तर कंबर जराशी पुढे न्यावी. रेस एकसारखी ठेवायची. वेग क्लचनं ठरवायचा आणि मागचा ब्रेक हलकाच लागलेला असू द्यायचा, म्हणजे गचके बसत नाहीत. नजर बाहेर पडायच्या जागेवर. मागचं चाक नेहमी पुढच्याच्या आतून जातं, त्यामुळे दगडाला वळसा घालताना आधी रुंद जावं लागतं. नवशिके इथेच अडकतात: पुढचं चाक निघतं आणि मागचं दगडावर चढतं.

उजवं वळण बहुतेकांना जड जातं आणि त्याला कारण आहे. हँडल उजवीकडे पूर्ण वळलं की रेसचा हात अंगाजवळ येतो, मनगट दुमडतं आणि नकळत रेस कमीजास्त होते. कोपर वर उचलून धरलं तर हे आटोक्यात येतं. सराव दोन्ही बाजूंना सारखा करू नका, उजव्याला जास्त वेळ द्या.

या पद्धतीची मर्यादा सुट्या मुरमावर किंवा ओल्या कातळावर दिसते. चाक वळलेलं असतं, पण गाडी सरळच घसरत जाते. वजन फार मागे असलं किंवा क्लच एकदम सुटला की हमखास असं होतं. शिवाय जागा गाडीच्या वळण्याच्या वर्तुळापेक्षाही कमी असेल तर इलाजच उरत नाही.

तिथे दुसरी पद्धत कामाला येते. सस्पेन्शन दाबायचं, ते वर येत असताना क्लचचा छोटा झटका द्यायचा आणि उचललेलं चाक थोडं बाजूला ठेवायचं. चाक जमिनीवर वळवावंच लागत नाही, म्हणून घसरणीचा प्रश्न बराच कमी होतो. पण त्याआधी जागेवर उभं राहता यायला हवं, आणि त्यातच बराच काळ जातो. जिथे न थांबण्याचा नियम लागू असतो, तिथे गाडी थांबली की दंडही बसतो. माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. चाक उचलायची सवय आधी लागली की चुकीच्या रेषेनं आत शिरायचं आणि मग उचलून सुधारायचं, हेच अंगवळणी पडतं. क्लच कच्चाच राहतो.

गाडी कोणती आहे यावरही निवड ठरते. खऱ्या ट्रायल्स गाडीचं वजन साधारण ७० किलो, आणि तिला सीट जवळजवळ नसतेच. पुण्यात अशा गाड्या फारशा दिसत नाहीत. बहुतेकांकडे हिरोची एक्सपल्स २०० असते, म्हणजे १५८ किलोच्या आसपास, किंवा रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, म्हणजे १९६ किलो. एवढं वजन जागेवर उडवत बसलात तर आधी पाठ बोलेल. या गाड्यांवर पूर्ण हँडलचं वळणच शिका. त्यांचा पहिला गिअर ट्रायल्स गाडीपेक्षा उंच, म्हणजे जास्त वेगाचा असल्यामुळे क्लच जास्त घासतो. मे महिन्यात तर थोड्या थोड्या वेळानं गाडी थंड होऊ द्या आणि जळका वास आला तर तिथेच थांबा.

पुढच्या ब्रेकवर मागचं चाक उचलून फिरवणं ही तिसरी पद्धतही आहे. एबीएस, म्हणजे चाक अडकू लागलं की ब्रेक आपोआप सैल करणारी यंत्रणा, चालू असलेल्या गाडीवर तिच्या नादी लागू नका.

ज्यांच्याकडे खरी ट्रायल्स गाडी आहे, किंवा ज्यांनी सायकल ट्रायल्स केलं आहे आणि तोल आधीच पक्का आहे, त्यांनी दोन्ही पद्धती सोबत शिकायला हरकत नाही.

सरावाला वेताळ टेकडी किंवा दुसरी कुठलीही टेकडी नको. तिथे लोक चालायला येतात आणि चाकांनी माती सुटते. मालकाची परवानगी घेऊन एखादा मोकळा प्लॉट गाठा. हेल्मेट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड हवेतच. दोन विटा ठेवून लायसन्सच्या टेस्टसारखा आठचा आकडा काढा आणि विटांमधलं अंतर हळूहळू कमी करा. सपाटीवर जमलं की हलक्या उतारावर तोच आकडा काढा, मग पावसानंतरच्या ओल्या मुरमावर. तिथेही पाय न टेकता दोन्ही बाजूंनी आकडा पूर्ण होऊ लागला, की पुढचं चाक उचलायला घ्या.