लाकडी बोटीवरची स्लॅब रीफिंग व्यवस्था : आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी १८ फुटी सागवानी शिडाची बोट वर्षातले आठ महिने विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीत असते आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापुरात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येते. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या मुख्य शिडाची रीफिंग व्यवस्था पूर्णपणे बदलली. वारा वाढल्यावर शीड आखूड करण्याची ही नवी सोय ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत वापरल्यावर हा अनुभव लिहीत आहे.

पूर्वी या बोटीवर शीड बूमभोवती, म्हणजे शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याभोवती, गुंडाळण्याची जुनी पद्धत होती. बूम मागे ओढून चौकोनी खुंटीवरून मोकळा करायचा आणि हाताने फिरवत शीड त्याच्यावर गुंडाळायचे. डोलकाठीलगतच्या कडेला दोर शिवलेला असल्यामुळे त्या बाजूला गुंडाळी जाड होते, मागे पातळ राहते. परिणामी बूमचे मागचे टोक खाली झुकते आणि शीड जेव्हा सपाट हवे नेमके तेव्हाच फुगते. आपल्या किनाऱ्यावर सकाळचा मतलई वारा पडला की दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १० नॉटचा (ताशी १० सागरी मैलांचा) वारा १४ नॉट झाला तर शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. अशा वेळी फुगलेले शीड घेऊन परतणे म्हणजे सुकाणूशी कुस्तीच असे, आणि बोट कलली की एरवी पाण्याबाहेर राहून सुकलेल्या वरच्या फळ्यांच्या सांध्यांतून पाणी झिरपे, ते वेगळेच.

नव्या स्लॅब रीफिंगमध्ये शीड गुंडाळत नाहीत, खालचा एक पट्टाच कमी करतात; त्यासाठी शिडाला ९० सेंटिमीटर उंचीवर एक आडवी रीफची ओळ, म्हणजे कड्या आणि नाड्यांच्या छिद्रांची रांग, आहे. शिडाची उभी कड ६ मीटर आणि पायाची कड ३ मीटर असल्याने ९ चौरस मीटरचे शीड रीफ घेतल्यावर साधारण साडेसहा चौरस मीटर उरते. बूमचे टोक वर धरणारा दोर आधी ताणायचा, शीड खाली सोडायचे, पुढच्या कडेवरची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायची, शीड पुन्हा ताणून चढवायचे आणि मग मागच्या कडीतून आलेला रीफचा दोर बूमवरच्या कप्पीवरून ओढून क्लीटला (दोर अडकवायच्या खुंटीला) बांधायचा. हा क्रम चुकवून मागचा दोर आधी ओढला, तर पुढची कड कधीच नीट ताणली जात नाही.

कप्पी, आकडा आणि क्लीट मी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात गनमेटलमध्ये (एक प्रकारच्या काशात) ओतून घेतले. कोल्हापुरात राहण्याचा हा फायदा मोठा आहे : लाकडी साचा दाखवला की पुढचे फार समजावावे लागत नाही. कप्पी घासते तिथे शिडाला चपलांच्या कारागिराकडून चामड्याचे ठिगळ शिवून घेतले, आणि तेही अजून उसवलेले नाही. स्क्रूच्या बाबतीत मात्र मी काटकसर केली. पितळी स्क्रू डिसेंबरमध्ये काढून पाहिले तर त्यांचा रंग गुलाबी झाला होता, कारण खाऱ्या पाण्यात पितळेतले जस्त निघून जाते आणि मागे पोकळ तांबे उरते. एकाचे डोके पेचकसाच्या पहिल्याच वळणाला तुटून हातात आले. आता तिथे ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आरपार बोल्ट आहेत.

खरी चूक कप्पीच्या जागेची होती. शीड गच्चीवर पसरून, शेजारी बूम ठेवून मी माप घेतले आणि कप्पी मागच्या कडीच्या बरोबर खाली बसवली. पाण्यावर गेल्यावर कळले की तिथून दोर फक्त खाली ओढतो, मागे ओढत नाही. शिडाचा पाया सैल राहिला आणि सगळा ताण रीफच्या बारीक नाड्यांवर आला. त्या नाड्या खालचे मोकळे कापड आवरण्यापुरत्याच असतात, भार घेण्यासाठी नव्हेत. बंदरातल्या एका वृद्ध तांडेलांनी शिडाकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, "दोर मागे खेचूक व्हयो, तू खाली खेचतंस." कप्पी ९ सेंटिमीटर मागे सरकवली. दोर खाली आणि मागे असा तिरका ओढू लागला आणि शीड पाटासारखे सपाट झाले. जुनी भोके सागवानी खुंट्यांनी बुजवली असली तरी ती दिसतात, आणि मला ती दिसलेली चालतात.

दुसरी अडचण लहान होती. डोलकाठीच्या खाचेतल्या सरकत्या गुंड्या एकावर एक साचून पुढची कडी आकड्यापर्यंत पोहोचेना. कडीतून एक जाड पट्टा ओवून त्याच्या दोन्ही टोकांना एकेक रिंग शिवली; आता आकड्यात रिंग अडकते. पहिल्या दिवशी रीफ घ्यायला मला सात मिनिटे लागली होती. मार्चपर्यंत मी एकटा दोन मिनिटांत घेऊ लागलो.

एप्रिलमध्ये मात्र रीफ सोडताना एक नाडी बांधलेलीच राहिली आणि शीड चढवताच तिच्या छिद्रापाशी बोटभर कापड फाटले. तेव्हापासून आधी सगळ्या नाड्या मोजून सोडतो, मगच दोराला हात लावतो. रीफच्या दोरासाठी ८ मिलिमीटरचा पॉलिएस्टर दोर वापरावा. बंदरात सहज मिळणारा नायलॉनचा दोर ताण आला की लांबतो आणि घेतलेला रीफ हळूहळू ढिला पडतो.

दुसऱ्या रीफची ओळ घालण्यासाठी शीड सध्या शिवणकाराकडे आहे. बूमवर तिच्या कप्पीसाठी अजून एकही भोक पाडलेले नाही. बोट ऑक्टोबरमध्ये खाडीत उतरेल, शीड वाऱ्यात उभे राहील आणि दोर हातात धरून ताणून पाहिला जाईल, तेव्हाच तिथे पेन्सिलची खूण होईल.