संस्थेची वेबसाइट: गूगल साइट्स, वर्डप्रेस की नागपूरची एजन्सी?

गावपातळीवरच्या स्वयंसेवी संस्थेचं बचतगटांपासून काम सुरू झालं, मग शेतकरी गट आले, वनहक्काचे दावे आले. आता कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीच्या अर्जात 'संस्थेची वेबसाइट' हा रकाना रिकामा सोडायची लाज वाटते. विदर्भात धारणी असो, कुरखेडा असो की पांढरकवडा, कार्यकारिणीच्या बैठकीत तीनच पर्याय निघतात. एखादा कार्यकर्ता म्हणतो, गूगल साइट्सवर मीच बनवतो. कुणाचा तरी भाचा वर्डप्रेस हे साइट बनवायचं सॉफ्टवेअर जाणतो. आणि अध्यक्षांच्या ओळखीची नागपूरची एजन्सी असतेच.

बैठकीत वाद होतो तो बनवून कोण देणार याचा. मी आधी विचारेन, सहा महिन्यांनी तिच्यावर नवा मजकूर कोण टाकणार? या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मी निवड आपोआप होते.

गूगल साइट्स फुकट आहे, होस्टिंगचा, म्हणजे साइट इंटरनेटवर ठेवायच्या जागेचा, खर्च नाही, सुरक्षा गूगल बघतं, आणि ज्याला मोबाइलवर फॉर्म बनवता येतो त्याला पानही बनवता येतं. स्वतःचं डोमेन, म्हणजे संस्थेच्या नावाचा वेब-पत्ता, तेही जोडता येतं. पाच-सात पानांची ओळख, फोटो, अहवालाच्या पीडीएफ एवढंच हवं असेल तर यापुढे जाऊच नका. अडचण वाढताना येते. मराठी-इंग्रजी अशी दुहेरी साइट नीट बांधायची सोय नाही, आणि उद्या दुसरीकडे जायचं ठरलं तर पानं उचलून नेता येत नाहीत, नव्याने बनवावी लागतात. एक मात्र आधीच करा: साइट कार्यकर्त्याच्या खासगी जीमेलवर नको, संस्थेच्या खात्यावर हवी. तो नोकरी लागून पुण्याला गेला की साइटही त्याच्याबरोबर जाते.

वर्डप्रेस २००३ पासून आहे, मुक्त स्रोत (कुणालाही फुकट वापरता-बदलता येणारं) आहे आणि जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त वेबसाइट त्यावर चालतात. आपल्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की एक माणूस सोडून गेला तर अमरावतीत, वर्ध्यात दुसरा मिळतो. आतली मांडणी मराठीत करता येते, दोन भाषांची सोय फुकट प्लगइनने, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सॉफ्टवेअरने, होते. होस्टिंग आणि डोमेन मिळून वर्षाला काही हजारांत भागतं. पण याला राखण लागते. प्लगइन अद्ययावत केले नाहीत की साइट हॅक होते आणि तुमच्या महिला मेळाव्याच्या पानावर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. महिन्यातून एकदा तासभर बसून अपडेट आणि बॅकअप घेणारं माणूस नसेल तर हा रस्ता धरू नका.

एजन्सीचं काम दिसायला देखणं असतं, यात वाद नाही. पण करारात काय लिहिलंय ते बघा. डोमेन संस्थेच्या नावावर आहे का? होस्टिंगचा आणि अॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे? एक फोटो बदलायचा तर फोन करून आठवडाभर थांबायचं का? साइट एजन्सीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरवर असेल तर पहिल्या वर्षाचं पॅकेज स्वस्त वाटतं, भुर्दंड नंतर बसतो. आणखी एक, मजकूर एजन्सी देत नाही. तो तुम्हालाच लिहायचा असतो, आणि काम तिथेच महिनोन्महिने अडतं. जुने अहवाल कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील तर वेबवर चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी ते सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या मराठीत, आणा. कुठलाही पर्याय घ्या, हे काम टळत नाही.

माझा कल सांगतो. एकच कार्यालय आणि दोन-चार उपक्रम असतील तर गूगल साइट्स. तीन तालुक्यांत काम, दरवर्षी नवे प्रकल्प आणि मजकूर टाकायला दोन तयार माणसं असतील तर वर्डप्रेस, तेही बाहेरच्या माणसाकडून उभारून घेऊन. एजन्सी तेव्हाच, जेव्हा देखभालीचा खर्च एखाद्या प्रकल्पाच्या बजेटमध्ये मंजूर झालेला असेल.

आता उद्घाटन. यातही दोन तऱ्हा आहेत. एक, २ ऑक्टोबरला पाहुण्यांच्या हस्ते बटण दाबून साइट सुरू करायची. दुसरी, तीन-चार आठवडे आधी गुपचूप सुरू करायची, आपल्याच लोकांना दाखवायची आणि समारंभात फक्त जाहीर करायची. मी डोळे झाकून दुसरी घेईन. डोमेन नव्या साइटकडे वळवलं की तो बदल सगळीकडे पोचायला काही तासांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. तोवर पाहुण्यांच्या मोबाइलवर नवी साइट आणि तुमच्या मोबाइलवर आधीचंच पान, असंही होतं. नेमसर्व्हर (डोमेन कुठे न्यायचं ते सांगणारा सर्व्हर) बदलताना ईमेलच्या नोंदी उतरवून घेतल्या नाहीत तर संस्थेची मेल बंद पडते, आणि ते कळतं निधी देणाऱ्याचा फोन आल्यावर. वर्डप्रेसमध्ये 'सर्च इंजिनपासून लपवा' अशा अर्थाची खूण बांधणीच्या काळात लावतात. ती काढायची राहिली तर गूगलवर संस्था सापडतच नाही.

या आठवड्यांत एक चाचणी कार्यालयाबाहेर करा. टॉवरची एकच काडी असलेल्या गावात, स्वस्त फोनवर पान उघडायला सांगा. मोबाइलमधून थेट चढवलेले चार-पाच एमबीचे फोटो असतील तर गटाची बाई म्हणेल, "दादा, हे काहून गोल गोल फिरून राह्यलं?" फोटो आकाराने लहान करा. दहा मिनिटांचं काम आहे.

मुहूर्तही इथल्या हंगामाप्रमाणे धरा. जून-जुलैत कार्यकर्ते पेरणीत, पाऊस लागला की डोंगरपट्ट्यात वीज आणि नेट दोन्ही जातात. जंगलपट्ट्यात एप्रिल-मे मोह आणि तेंदूपत्त्यात जातो. मार्च हिशेबाचा. पोळ्यानंतर आणि कापूस वेचणीची धांदल सुरू होण्याआधी मधे जी फट मिळते, ती बरी. तेव्हा ऑडिट झालेले आकडेही हाताशी असतात.

देणगीचं बटण पहिल्या दिवशी नकोच. सुरुवातीला संस्थेच्या खात्याचा यूपीआय क्यूआर आणि शेजारी नाव, पत्ता, पॅन विचारणारा फॉर्म पुरतो. पॅनशिवाय आलेल्या देणगीची ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत देणारी) पावती करताना माणूस शोधत बसावं लागतं. पेमेंट गेटवे (साइटवरच कार्डाने पैसे घ्यायची सोय) नंतर जोडा, आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगी घेण्याची कायदेशीर नोंदणी, नसेल तर परदेशी कार्डं बंद ठेवायला सांगा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी नातेवाईक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल तर ती विदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भावाची मात्र धरली जाते, मग त्याचं मूळ गाव आर्णी का असेना. हा फरक देणगीच्या पानावरच दोन ओळींत लिहून टाका, म्हणजे खजिनदाराला प्रत्येकाला फोनवर समजावत बसावं लागणार नाही.