दुसरा पाईप

चार फुटी रीफ टँक, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी, लावून द्यायचे एका टँकवाल्याशी 1,10,000 ठरले होते. त्यात प्लंबिंगचे 38,000, कच्च्या बिलावर. "पक्कं हवं असेल तर जीएसटी वर लागेल, सर." मी मान डोलावली आणि अर्धा तिथेच फसलो.

नुकतेच मरीनमध्ये शिरलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. टँकच्या कोपऱ्यात ओव्हरफ्लो बॉक्स असतो. वरचं पाणी त्यात पडतं, तळाच्या भोकातून पाईपने खाली संपमध्ये, म्हणजे कॅबिनेटमधल्या दुसऱ्या टाकीत, जातं आणि तिथून रिटर्न पंप ते परत वर चढवतो. बॉक्समध्ये पाईप दोन घ्यायचे. मुख्य पाईप बॉल व्हॉल्व्हने थोडा आवळायचा, म्हणजे तो गच्च भरून वाहतो आणि रात्रभर गुडगुड ऐकावी लागत नाही. दुसऱ्याचं तोंड दोनेक इंच वर. मुख्य तुंबला तरच त्यात पाणी जायचं, एरवी तो कोरडाच. कोरडा राहणं हेच ज्याचं काम, तो खोटा असला तरी कळणार कसं?

हँडओव्हरच्या दिवशी त्याने पंप बंद करून दाखवला. उलटं येणारं पाणी संपमध्ये नीट मावलं, वर चार बोटं जागा उरली. मी खूश. मग म्हटलं, मुख्य पाईप बंद करून दुसराही बघून घेऊ. "कशाला सर, सॉल्व्हंट ओलं आहे अजून, जॉइंट हलतील." पटलं मला. उरलेले पैसे दिले, वर चहाही पाजला.

आठ महिने सगळं सुरळीत. जुलैतल्या एका रात्री टर्बो गोगलगाय मुख्य पाईपच्या तोंडात जाऊन बसली. तोंडाला जाळी नव्हती. बिलात होती.

पाणी खाली जायचं थांबलं, पंप मात्र ढकलत राहिला. संपमधल्या पंपाच्या कप्प्यातलं तीसेक लिटर पाणी फरशीवर येऊन तिथे थांबलं असतं. पण कप्प्यातली पातळी उतरली तसा ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे कमी झालेलं पाणी आपोआप भरणारा पंप, जागा झाला आणि त्याने 40 लिटर आरओचं गोडं पाणी इमानेइतबारे त्यात ओतलं. तेही वर चढून फरशीवर. पहाटे खालच्या काकू दारात. "अहो, आमच्या हॉलच्या छतातून पाणी टपकतंय. आणि खारट कसं हो ते?"

टँकची सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारेपणा (स्पेसिफिक ग्रॅव्हिटीत मोजलेला), 1.025 वरून 1.022 वर आली होती. झोआ कोरल मिटून बसलेले, क्लाउन माशांची जोडी कोपऱ्यात.

बॉक्स उपसून टॉर्च मारली. दुसरा पाईप जरा हलवला तर सरळ उपटून हातात आला. खाली अख्खी काच. भोक पाडलेलंच नव्हतं, नुसता सिलिकॉनचा गोल ठसा. खालच्या कॅबिनेटमध्ये संपकडे उतरणारा जोडीदार पाईप प्लायच्या भोकात खोचून वरून सिलिकॉनने चिकटवलेला. छोट्या बॉक्समध्ये दोन भोकं पाडताना काच तडकेल ही भीती मी समजू शकतो. पण मग तसं सांगायचं ना! हा माणूस खोटा पाईप दोन्ही बाजूंनी सजवून गेला होता.

मग पंपावरही संशय आला. 6000 लिटरचा म्हणून घेतलेला. रिटर्नचं तोंड 20 लिटरच्या बादलीत सोडलं आणि मोबाईलवर वेळ लावली. 48 सेकंद, म्हणजे तासाला 1500 लिटर. पाणी चार-साडेचार फूट चढवायचं म्हटल्यावर खोक्यावरचा आकडा मिळत नाहीच, पण एवढी घट? स्टिकरचा कोपरा नखाने सोलला. खाली दुसरा स्टिकर: 3000.

फोन केला. "सर, तो इमर्जन्सी पाईप आहे, त्यातून पाणी येतच नसतं." दुसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला नाही, तिसऱ्यांदा नंबर ब्लॉक. कच्च्या बिलावर ना पत्ता, ना सही. काकूंच्या छताचा रंग माझ्या खर्चाने झाला, त्याचा विषय घरात अजून निघतो.

नवीन बॉक्स दुसऱ्याकडून बसवून घेतला. त्याला पैशाचं पाकीट दाखवलं आणि म्हटलं, आधी मुख्य पाईप बंद कर. त्याने व्हॉल्व्ह पूर्ण फिरवला. बॉक्समधलं पाणी चढत गेलं, दुसऱ्या पाईपच्या काठाला लागलं आणि खाली संपमध्ये असा धबधबा सुरू झाला की बायको स्वयंपाकघरातून धावत आली, "आता काय फुटलं?"