यूके सिटिझनशिप: ५ वर्षांचा रूट की ३ वर्षांचा?

नवरा-बायकोपैकी एक ब्रिटिश असेल तर दुसऱ्याला अर्जाआधी यूकेत ३ वर्षं राहावं लागतं, नाहीतर ५. पाचवाल्यात ४५० दिवस बाहेर राहिलेलं चालतं, तीनवाल्यात २७०च, पण शेवटच्या १२ महिन्यांत दोघांनाही ९०, म्हणजे गणपती, दिवाळी, भाचीचं लग्न सगळं त्यातच बसवा (जायचा-यायचा दिवस धरत नाहीत, तेवढीच सूट). आणि अर्जाच्या तारखेच्या बरोब्बर ५ किंवा ३ वर्षांपूर्वी, त्या दिवशी तुम्ही यूकेतच हवेत, इथेच गंडतं.

आयएलआर (यूकेत कायम राहायची परवानगी) मिळाल्यानंतर पाचवाले वर्षभर थांबतात, तीनवाले लगेच फॉर्म भरतात.

रेफरी (तुमची ओळख पटवून देणारे) दोन्हीकडे सेम, ३ वर्षं ओळखणारे दोघं, एक शिक्षक-अकाउंटंटसारखा प्रोफेशनल, दुसरा ब्रिटिश पासपोर्टवाला, पंचविशीच्या पुढचा किंवा प्रोफेशनल. मेव्हणा नाही चालत! मला विचाराल तर ३वालाच, फक्त भारतवाऱ्या आवरा.