बर्फगोळ्याची हातमशीन: गोळ्याला झकास, बैलाला जेमतेम

आधीच सांगून टाकतो म्हणजे नंतर कुणी शिव्या नको द्यायला, ही मशीन मी गोळा खायला घेतली नव्हती. घेतली ती बर्फाचे पुतळे करायला. हो, परभणीत. हसून घ्या, घरचे पण हसले, दुकानदार पण हसला, म्हणला साहेब मे महिन्यात या की, डिसेंबरात गोळा कोण खातंय.

त्याचं झालं असं की मागच्या वर्षी पाठ धरली अन् पंधरा दिवस पडून होतो, तेव्हा मोबाईलवर ते जपानमधल्या साप्पोरोचे व्हिडिओ लागले. बर्फाचे दोन-दोन मजली पुतळे. मग वाचत गेलो तर कळलं की हे सगळं १९५० साली तिथल्या शाळेच्या पोरांनी सुरू केलं, ओदोरी पार्कात नुस्ते ६ पुतळे करून, अन् त्या पार्कात तेव्हा गावातला नको असलेला बर्फ आणून टाकायचे म्हणे. म्हणजे उकिरड्यावरची कला झाली की ही. १९५५ ला त्यांचे सैन्यातले लोक उतरले तेव्हा पुतळे मोठे व्हायला लागले, १९७४ पासून बाहेरच्या देशातल्या टीमा यायला लागल्या. अन् हे भरतं कधी, तर फेब्रुवारीत, आपला उरूस असतो त्याच सुमाराला. तिकडं पुतळे, इकडं पाळणे.

म्हणलं आपल्याकडं काय कमी आहे. थंडी म्हणाल तर मराठवाड्यात परभणीचीच, कृषी विद्यापीठात पारा किती उतरला ही बातमी हिवाळ्यात ठरलेलीच असती, उगाच का जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतेत. फक्त बर्फ तेवढा वरून पडत नाही, तो कारखान्यातून आणायचा अन् त्याचा भुगा करायचा. पहिल्यांदा मिक्सरमध्ये करून पाहिलं, पाण्यात खडे असलेलं काहीतरी झालं अन् बायकोनं मिक्सर उचलून कपाटात ठेवला. म्हणून मशीन.

तर मशीन. हातानं फिरवायची, वर मोठं चाक, त्याला लाकडी मूठ, खाली दातऱ्याची चकती, ती बर्फाच्या तुकड्यात रुतते अन् चाक फिरवलं की तुकडा खालच्या पात्यावर घासत फिरतो, भुगा खाली घमेल्यात. बॉडी बिडाची आहे, म्हणजे बीड जिल्ह्यातली नव्हे, ओतीव लोखंडाची, वजन भरपूर, गच्चीवर नेताना माझी पाठ परत बोलली. २८०० रुपये पडले. कंपनीचं नाव सांगत नाही कारण पुढं तक्रारी आहेत, अन् तशाही बाजारात या मशिनी सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतेत, फक्त रंग वेगळा.

चांगलं आधी सांगतो. चाक हलकं फिरतं, माझी नऊ वर्षाची पोरगी पण फिरवते. वीज लागत नाही, हे आमच्याकडं किती मोठं आहे हे सांगायची गरज नाही. जमिनीवर ठेवली तर हलत नाही. अन् खाली पात्याला दोन स्क्रू आहेत त्यानं भुगा जाड-बारीक करता येतो, हे पुतळेवाल्याला सगळ्यात कामाचं.

आता वाईट. पहिल्या दिवशी भुगा येईचना, नुस्ते खडे अन् खरखर. दोन तास गेले. शेवटी उरसाच्या दिवसात गोळ्याचा गाडा लावणारे एक चाचा आमच्या गल्लीत राहतेत त्यांना बोलावलं. चाचांनी चष्मा वर केला, बोट फिरवलं, म्हणले, "भाई, पातं उल्टं बसवलंय. हे घासणार कसं?" म्हणजे कारखान्यातूनच उलटं आलेलं! सोबत कागद ना काही, पाना पण नाही. चाचांनी सुलटं केलं, वर म्हणले की ते लहान असताना त्यांचे वालिद लाकडी रंध्यावर बर्फ घासायचे, तुमची मशीन म्हणजे तोच रंधा गोल केलेला. दुसरं म्हणजे पातं गंजतं. एक रात्र ओलं राहिलं की सकाळी तांबूस भुगा, पुतळ्याला जाऊ द्या, खायच्या वस्तूला हे बरोबर नाही. मी आता पुसून गोडेतेलाचा हात लावून ठेवतो. तिसरं, चाकाचा रंग सुटतो अन् हिरव्या कपच्या बर्फात येतेत. दुकानात नेऊन दाखवलं तर "वापरल्यावर रंग जाणारच ना साहेब" हे उत्तर.

आता मुख्य प्रश्न, या भुग्याचा पुतळा होतो का. होतो, पण युक्तीनं. वरून पडलेला बर्फ अन् हा भुगा यात फरक आहे, हा ओला असतो, जड असतो, ताज्या भुग्यावर रापी मारली तर ढासळतो. खरे पुतळेवाले पण सैल बर्फावर काम करतच नाहीत, लाकडी पेटीत बर्फ भरतात, वर चढून पायानं तुडवतात, ठेवून देतात, मग पेटी काढून कोरतात. ठेवून दिल्यावर कण एकमेकाला जिथं टेकलेत तिथं चिकटून जातेत अन् ठोकळा आपोआप कडक होतो, ही सगळी जादू त्या थांबण्यात आहे अन् मला थांबायचीच सवय नाही, त्यामुळं पहिले दोन ठोकळे वाया.

तिसऱ्या वेळी पेटी म्हणून १५ किलोचा तेलाचा डबा घेतला, दोन्हीकडून पत्रा कापून. थर थर भुगा टाकायचा अन् वरवंट्यानं ठोकायचा. एक डबा भरायला अर्ध्या तासाच्या वर चाक फिरवावं लागतं, दंड भरून येतेत. मग डबा गोणपाटात गुंडाळला, भोवती लाकडाचा भुसा, गच्चीच्या कोपऱ्यात रात्रभर. पहाटे ५ ला उठून पाहिलं तर ठोकळा असा टणक की थापी मारली तर टणटण.

बरेच जण विचारतेत की वितळत नाही का. वितळतो ना भाऊ, परभणी आहे, अंटार्क्टिका नाही. पण वाटतं तेवढ्या लवकर नाही, कारण नुस्ता १ ग्राम बर्फ पाणी व्हायला ८० कॅलरी उष्णता खातो, म्हणून ठोकळा मोठा असला की तग धरतो. वाऱ्यापासून मात्र जपा, वाऱ्यानं लवकर जातो, मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसतो. मला पहाटे ५ ते ८ असे तीन तास मिळतेत. तेवढ्यात काय होईल ते आपलं.

कोरायला रापी, जुनी करवत अन् खोबऱ्याची किसणी. किसणीनं अंगाला गोलाई इतकी छान येते की बस. अन् सुरुवात कायम वरून करायची. खालून केली की वरचं वजन बसतं अन् सगळं खाली. हे मला दोन बैल पडल्यावर कळलं अन् मग डोक्यात आलं की अरे, आपल्या वेरूळचं कैलास लेणं, १६ नंबरचं, आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या कृष्ण राजाच्या काळात डोंगराच्या माथ्यावरून खाली असंच कोरत आणलंय की, कळस आधी अन् पाया शेवटी. शाळेच्या सहलीत सरांनी सांगितलं होतं, तेव्हा माझं सगळं लक्ष माकडं अन् डब्यातल्या पुऱ्यांकडं.

केला तो बैल. बसलेला, कारण उभ्याचे पाय टिकत नाहीत. वशिंड झकास आलं, पाठीवर किसणीनं झुलीची नक्षी पण काढली. अडलं शिंगापाशी. चार वेळा लावले, पाण्यात कालवलेला भुगा चिखलासारखा लावून चिकटवले (तिकडचे पण जोड असाच भरतेत), चार वेळा गळून पडले.

आई केव्हाची शाल पांघरून जिन्यात उभी राहून बघायली होती. "येडा झालास का रे, पाठ दुखायली म्हणतोस अन् पहाटे बर्फात बसायलास." मग जवळ आली, बैलाकडं पाहिलं, अन् खाली जाऊन दोन तुराटीच्या काड्या घेऊन आली. पोळ्याला मातीचे बैल करताना ती शिंगात हेच घालती, मी लहानपणापासून पाहत आलोय. मी म्हणलं, आई चालत नाही, अमेरिकेत ब्रेकनरिजला मोठी स्पर्धा असती, १२ फूट उंच, वीस-पंचवीस टनांचा बर्फाचा ठोकळा देतेत अन् नियम म्हणजे नुस्त्या हातच्या हत्यारांनी कोरायचं, आतून कसला आधार द्यायचा नाही अन् रंग लावायचा नाही. आई म्हणली, "तिथं तुरी पिकत्यात का?" अन् खुपसल्या काड्या.

शिंगं बसली. पोरांना उठवलं, शेजारचे आले, फोटो झाले. ऊन आलं तसं कान गेला, मग तोंड बारीक होत होत शेळीसारखं झालं, साडेनऊला पोरीनं पाठीवर कालाखट्टा ओतला अन् चमच्यानं वशिंड खाल्लं. रंगाचा नियम पण गेला. (हिरव्या कपच्या मी आधी वेचून काढल्या होत्या.)

तर घ्यावी का? गोळ्याला घेणार असाल, घरी दहा-बारा पोरं जमत असतील, तर डोळे झाकून घ्या, फक्त दुकानातच पातं सुलटं आहे का ते एक तुकडा घासून बघा. ५ पैकी ४. पुतळ्याला घेणार असाल, म्हणजे माझ्यासारखा दुसरा कुणी असलाच तर, ५ पैकी अडीच, कारण भुगा बारीक केला तरी ओला येतो अन् वेळ फार जातो, त्यापेक्षा विजेवरची भाड्यानं मिळाली तर बघा. बर्फाचा खर्च वेगळा, मला एका बैलाला जवळजवळ ३०० रुपयांचा लागतो, निम्मा तर आणता आणता पाणी होतो.

उरसाच्या दिवसात मशीन चाचांनी मागितलीय, त्यांच्या गाड्यावरची जुनी झाली. बदल्यात ते पात्याला धार लावून देणारेत. फोटो खाली टाकलाय, त्यातलं अंग माझं, शिंगं आईची. दहा वाजता गच्चीवर नुस्त्या दोन तुराट्या जांभळ्या पाण्यात पडलेल्या होत्या, त्या तिनं धुवून परत पोळ्यासाठी ठेवल्या.